संरक्षण कंपनीत बिझनेस डेव्हलपमेंटला जाताना

अनेक आशीर्वाद.

ड्रोन बनवणाऱ्या कंपनीत रुजू होतेयस, तर एक आधीच सांगतो. निविदा हाती पडते तोवर तुझं निम्मं काम झालेलं असतं, नाहीतर हुकलेलं. डीएपीमधला, म्हणजे संरक्षण खात्याच्या भांडवली खरेदीच्या नियमावलीतला, क्रम पाठ कर: आरएफआय (कंपन्यांकडून माहिती मागवणं), एसक्यूआर (सैन्याला हवे ते गुण ठरवणं), एओएन (खरेदीची गरज मान्य होणं), आरएफपी (प्रत्यक्ष निविदा), तांत्रिक छाननी, मैदानी चाचण्या, मग किमतीची वाटाघाट. अटींबद्दल बोलायला खरा वाव आरएफआयच्या उत्तरातच असतो. तिथे ब्रोशर जोडून मोकळी होऊ नकोस. प्रत्येक मापदंडापुढे आकडा लिही आणि तो कुठे, किती तापमानात मोजला तेही लिही.

कारण घसरतात ते इथेच. पुण्यात, साधारण 560 मीटर उंचीवर, साठ मिनिटं उडणारं ड्रोन लडाखमध्ये 4500 मीटरवर तेवढं उडत नाही. हवा विरळ, म्हणून पंखे जास्त वेगाने फिरवावे लागतात. थंडीत लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, भार येताच व्होल्टेज भसकन पडतं आणि यंत्र अर्ध्यातून परत फिरतं. चाचणी 'नो कॉस्ट नो कमिटमेंट' असते. वाहतूक, माणसं, मोडतोड सगळं आपल्या खिशातून. एक जादा यंत्र, दुप्पट बॅटऱ्या आणि त्या गरम ठेवणारी पेटी न्यायचीच.

निविदेतल्या अटींच्या पूर्ततेच्या तक्त्यात सगळीकडे 'होय' लिहायची सेल्सवाल्यांची खोड फार वाईट. जेएसएस 55555 (उष्णता, थंडी, धक्के यांच्या चाचण्या) आणि मिल-एसटीडी-461 (विद्युतचुंबकीय अडथळ्यांच्या चाचण्या) या मानकांचे अहवाल हातात असल्याशिवाय त्या रकान्यांना हात लावू नकोस. सुट्या भागांचं मूळही तपास: फ्लाइट कंट्रोलर, रेडिओ, कॅमेरा. चिनी भागांच्या कारणावरून लष्कराने फेब्रुवारी 2025 मध्ये 400 ड्रोनची कंत्राटं रद्द केली, हे डोक्यात असू दे.

युनिटचे सीओ (कमांडिंग ऑफिसर) खूश झाले म्हणजे ऑर्डर आली, असं नसतं. वापरणारा, अटी लिहिणारा आणि पैसे मंजूर करणारा, तिघे वेगळे. खर्च भांडवली की महसुली, हे पहिल्याच भेटीत विचार. महसुली खरेदी डीपीएम या वेगळ्या नियमावलीने होते, रक्कम लहान पण वाट जवळची. आयडेक्स या संरक्षण मंत्रालयाच्या नवोपक्रम योजनेच्या स्टार्टअप चॅलेंजमध्ये दीड कोटीपर्यंत अनुदान आहे, पण तेवढाच वाटा कंपनीलाही घालावा लागतो. फायनान्सला आधी विचार.

'साहेबांशी ओळख करून देतो' म्हणणारे भेटतील. लाच देणार-घेणार नाही या करारावर, इंटिग्रिटी पॅक्टवर, सही कंपनीची असते. त्यांचा चहासुद्धा घेऊ नकोस.

पहिल्या आठवड्यात कंपनीने आजवर दिलेली आरएफआयची उत्तरं मागून घे आणि प्रत्येक आकडा टेस्टिंगच्या इंजिनिअरसमोर बसून ताडून बघ.