आईशी नंतर भांड, आधी झोप

"आक्का, डिसेंबरात माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे आणि नेमकी त्याच रविवारी राजाराम तलावावर ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावण्याची स्पर्धा. गेली तीन वर्षं मी तिथं कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीत, जीवरक्षक म्हणून बसते. पोहणं सकाळी सातला सुरू होतं, लग्नाचा मुहूर्त 12 वाजून 40 मिनिटांचा, कार्यालय उचगावला. आई म्हणते, 'हळद लागलेल्या घरातलं माणूस पाण्यावर जात नाही. आणि करवलीच तळ्यात बसली तर करा कोण धरणार?' बाबा गप्प आहेत. भाऊ म्हणतो, तुझं तू बघ. शनिवारी हळदीला रात्रीचे दोन-अडीच वाजतील, पण पाचला उठायची मला सवय आहे. राजारामपुरीची मावशी तेवढी माझ्या बाजूनं आहे. लोकांचा जीव मोठा की घरचा मान? आईला कसं समजावू?"
– एक करवली, शिवाजी पेठ

पोरी,

तुझं पत्र चार पानी होतं, वर छापलंय ते गाळून. पावणेचार पानं आईवर खर्च केलीस आणि माझ्या कामाचं एकच वाक्य लिहिलंस, तेही जाता जाता.

आधी आईचं उरकते. तुमचं भांडण खोटं आहे. तुमच्या स्पर्धेत पोहणं 1.9 किलोमीटरचं. त्याला साधारण 70 मिनिटं देतात. तेवढ्यात जो बाहेर येत नाही त्याला थांबवतात, बाकीचे 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावायला निघून जातात. तिथून पुढं त्यांना तुझी गरज नाही. म्हणजे साडेआठला, अगदी ताणलं तरी नऊला, तू काठावर. मुहूर्ताला अजून साडेतीन तास. तलावापासून उचगाव काही परमुलुखात नाही. तेवढ्या वेळात कोल्हापूरची करवली नऊवारी नेसते, नथ घालते, फोटोग्राफरशी वाद घालते आणि वर दोन कप चहा पिते. हे गणित आईला येत नाही होय? येतं. तुलाही येतं. पण लग्नघरात भांडायला एक विषय लागतो, तो तुम्हा दोघींना आयता मिळालाय. 'जीव मोठा की मान' असला सवाल मला घालू नकोस, त्यात तू आधीच स्वतःला पहिला नंबर दिलायस.

आता ते वाक्य. "हळदीला रात्रीचे दोन-अडीच वाजतील, पण पाचला उठायची मला सवय आहे."

उठायची सवय आहे गं. झोपायचं काय?

मी पोहायला विहिरीत शिकले, पाठीला डबा बांधून. चुलतबहिणीच्या लग्नात पाहुण्यांची सगळी पोरं विहिरीवर लोटली होती आणि लक्ष ठेवायला घरातले एक काका पायरीवर बसले होते. गावातले पट्टीचे पोहणारे. आदल्या रात्री गोंधळ होता, ते पहाटेपर्यंत संबळापाशी. मी काठावर वेणी पिळत उभी होते. सात-आठ वर्षांचा एक मुलगा पाण्यात उभा दिसला. उभाच. तोंड आभाळाकडं, केस डोळ्यांवर आलेले, दोन्ही हात पाण्याखाली जिना चढल्यासारखे हलत होते. ओरडला नाही, पाणी उडवलं नाही. मला वाटलं खेळतोय. काकांकडं बघितलं तर त्यांचे डोळे उघडे, तोंड बरोबर त्या पोराकडं. माझ्या शेजारच्या मुलीनं उडी मारली आणि पोराला केसाला धरून ओढलं तेव्हा काका दचकले. म्हणाले, "काय झालं?"

पोरगं वाचलं, संध्याकाळी पंगतीत जिलेबी खात बसलं होतं. काका त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांना पोहता येत होतं, धाडस होतं, माया तर होतीच. नव्हती ती फक्त झोप.

तू प्रशिक्षण घेतलंयस, तुला हे पुस्तकातून माहीत असणार. तरी आईबरोबर वाचणाऱ्यांसाठी लिहिते. हात हलवत 'वाचवा, वाचवा' करणारा घाबरलेला असतो, पण त्याच्यात अजून दम असतो. खरा बुडणारा गप्प असतो. श्वासच पुरत नाही तिथं हाक कुठली मारणार? न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून हे दाखवून दिलं. असा माणूस पाण्यावर जेमतेम 20 ते 60 सेकंद टिकतो. तुझ्या कयाकला येऊन लोंबकळणाऱ्याची काळजी नाही. कयाक पुढं ओढली नाही तर त्याची स्पर्धाही जात नाही, तो दम खाऊन जाईल. काळजी त्याची, जो तुझ्यापर्यंत येतच नाही.

आणि ट्रायथलॉनमध्ये घात होतो तो पाण्यातच. अमेरिकेतल्या स्पर्धांमधल्या 14 मृत्यूंचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला, त्यातले 13 पोहताना झालेले. गार पाणी, सुरुवातीची झोंबाझोंबी, धडधडतं काळीज. म्हणजे तुझ्या कामाची खरी वेळ पहिल्या पंधरा-वीस मिनिटांची. डिसेंबरात सातला तिथं काय असतं ते तुला ठाऊक आहे. पाण्यावर धुक्याचा पापुद्रा, नुकतं वर आलेलं ऊन थेट डोळ्यांत, आणि त्या चकाकीत एकसारख्या टोप्या वरखाली होतायत. त्यातली एक वर यायची थांबली, हे तुला ओळखायचंय. दोन तासांच्या झोपेवर.

1997 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी माणसं जागी ठेवून तपासली. सलग 17 तास जागलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असलेल्यासारखं होतं. आपल्याकडं गाडी चालवणाऱ्याला मर्यादा 30 ची. लग्नघरात तू शनिवारी सहाला उठणार, म्हणजे रात्री अकरालाच त्या हिशेबानं तुझ्या हातात कुणी गाडीची किल्ली देऊ नये. आणि तू म्हणतेस, अडीचपर्यंत नाचते, मग डुलकी काढून लोकांचे जीव सांभाळते. वल्ही मारायला सवय चालते, अंगात भिनलेली असते. टक लावून बघत राहायला चालत नाही. झोप कमी पडलेल्या माणसाचे डोळे उघडे राहतात आणि मागचा माणूस दोन-चार सेकंद निघून जातो. त्याला स्वतःलाही पत्ता लागत नाही. काकांना लागला नव्हता.

गंमत बघ, सगळं घर रविवारवरून भांडतंय आणि पेच आहे शनिवारी रात्री. त्यावर आईची तक्रार नाही, बाबांची नाही, तुझी तर नाहीच. हळदीत जागायचं नाही, असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

तर मी म्हणते. शनिवारी रात्री साडेनऊला तू राजारामपुरीत मावशीकडं अंथरुणात.

शिवाजी पेठेतल्या घरात नाही. तिथं मांडववाल्याच्या गाद्या जिन्यापर्यंत अंथरलेल्या असणार, तुझ्या खोलीत सांगलीच्या आत्या, आणि बाराला कुणीतरी दार वाजवून सेफ्टी पिना मागणार. मावशी तुझ्या बाजूनं आहे ना, मग नुसतं फोनवर 'हो गं बाई' म्हणण्यापेक्षा एक खोली देऊ दे.

हळद चुकव असं मी म्हणत नाही. हळद लावणं तासाभराचं काम, संध्याकाळी सहाला बसवा. पहिली हळद भावाला तूच लाव, कानामागं, नाकावर, जिथं त्याला नको असेल तिथं. जेव आणि नीघ. तू चुकवशील तो फक्त डॉल्बीसमोरचा नाच. लाऊडस्पीकरला तर 2000 सालच्या नियमांनी रात्री दहानंतर बंदी आहे, आपण बॉक्स मांडवातून उचलून जिन्याखाली नेतो ते सोड.

मित्रमंडळी म्हणतील, सख्ख्या भावाची हळद आणि ही झोपायला चालली. म्हणू देत. तुझा मोबाइल मावशीच्या हातात दे. आणि स्पर्धेच्या संयोजकांचा नंबरही तिच्याकडंच ठेव. साडेदहाला तू तिच्या घरात नसलीस तर मावशीनं फोन लावायचा आणि सांगायचं, उद्या हिला पाण्यावर बसवू नका, दुसरं माणूस बघा. तू स्वतः तो फोन करणार नाहीस, तुझ्या पत्रावरून तुला तेवढी ओळखते. ही व्यवस्था संयोजकांना आजच कळव, म्हणजे रात्री अकराला त्यांची धावपळ नको.

आईला समजावायला जाऊ नकोस, वेळ वाया जाईल. नऊवारी, नथ, बांगड्या शुक्रवारीच कार्यालयात तिच्या पेटीत ठेव आणि सांग, "दहाला येते, करा मीच धरणार." रविवारी दहाच्या आधी पाच मिनिटं तिच्यासमोर उभी राहा. ती ओरडेल. कयाकमधून उडी मारावी लागली असेल तर केस ओले असतील, त्यावरून अजून ओरडेल. ओरडू दे. ओल्या केसांतही गजरा बसतो.

– आक्का