टाटा करूनच निघा

प्रश्न : ताई, आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून म्युनिकला आलो. मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. बरीच वाट पाहून घराजवळच्या कितात, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, त्याला जागा मिळाली. पहिले तीन दिवस मी सोबत बसले. चौथ्या दिवशी बाईंनी मला जरा वेळ बाहेर थांबायला सांगितलं, तर त्याने रडून आकांत मांडला आणि मला परत बोलवावं लागलं. दुसरा आठवडा संपत आला तरी तेच. सासूबाई म्हणतात, तो खेळात रमला की हळूच सटक. नवरा म्हणतो, भाषा येत नाही म्हणून रडतो, घरी जर्मन बोलू या. घरी तो मराठीत अखंड बडबडतो, तिथे अवाक्षर काढत नाही. त्यात आम्ही शाकाहारी. पुढच्या महिन्यात मला कामावर रुजू व्हायचंय. काय करू?
— एक आई, म्युनिक

उत्तर : मी आधी सांगलीत बालवाडी घेतली, मग बरीच वर्षं जर्मनीत कितात नोकरी केली. दोन्हीकडचं रडणं माझ्या ओळखीचं आहे. सांगलीत जूनमध्ये आम्ही पोर आत घ्यायचो, दाराला कडी लावायचो आणि आई खिडकीखाली डोळे पुसत उभी. आठ-दहा दिवसांत पोरं गप्प व्हायची, हे खरं. पण तिथे बाई त्याच गल्लीतल्या, बोली घरचीच, शेजारी सतरंजीवर चुलतभाऊ बसलेला. तुमच्या मुलाला त्या वर्गात तुमच्याशिवाय आहे कोण? रमलो की आई नाहीशी होते, एवढं एकदा डोक्यात बसलं की तो रमायचंच सोडेल. तेव्हा सासूबाईंचा मान राखा, उपाय मात्र नको.

तुमच्या कितात जे चाललंय ते बर्लिन पद्धतीचं दिसतं. तीन दिवस पालक सोबत, चौथ्या दिवशी पहिली ताटातूट, तीही फार तर अर्धा तास. (चौथा दिवस सोमवारी आला तर मंगळवारवर ढकलतात, कारण शनिवार-रविवार घरी काढून मूल पुन्हा आईला चिकटलेलं असतं.) त्यात मूल रडलं की नाही याला फार महत्त्व नसतं. बाईंनी जवळ घेतल्यावर शांत होतं का, ते पाहतात. नाही झालं तर दोन-तीन आठवडे जाणार, हे त्यात धरलेलंच आहे.

तुम्ही वर्गात असता तेव्हा नेमकं काय करता? आपल्या आयांना कोपऱ्यात नुसतं बसवत नाही. खेळणं पुढे करतो, नाक पुसतो, केळं सोलून भरवतो. मग बाईंना करायला काय उरलं? केळं त्यांना सोलू द्या. तो तुमच्याकडे आला तर जवळ घ्या, पण आपणहून उठू नका.

निघताना त्याच्यासमोर खाली बसा आणि मराठीत सांगा : ‘आई बाहेर कॉफी पिऊन येते.’ पुढे वेळ वाढली की, ‘तुझं जेवण झालं की येते.’ बारा वाजता येते, हे त्याला कळणार नाही, जेवण कळतं. टाटा करा आणि निघा. रडला तरी दारातून परत फिरू नका आणि जेवणानंतर म्हटलंत तर जेवणानंतर हजर राहा. तुमच्या गळ्याची मिठी सुटतच नसेल तर काही दिवस बाबांना सोडायला पाठवा. बऱ्याच मुलांचं बाबांबरोबर निभतं.

बाईंना एका कागदावर दहा-बारा शब्द द्या : पाणी, शू, दुखतंय, झोप, उचल, जेवण, शिवाय तुमच्याकडचे खास लाडाचे शब्द. नुसतं लिहून देऊ नका, म्हणून दाखवा. इंग्रजी स्पेलिंग दिलंत तर जर्मन माणूस ‘जेवण’ला ‘येफान’ म्हणतो आणि पोरगं आणखीच गोंधळतं.

घरी मराठीच बोला. तुमच्या तोडक्यामोडक्या जर्मनने त्याला काय मिळणार? जर्मन तो वर्गातच उचलेल. नव्या भाषेत काही महिने गप्प राहून नुसतं ऐकणारी मुलं मी कितीतरी पाहिली. घरीसुद्धा बोलत नसता तर मी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तरी तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपास यू-सात-ए नावाची तपासणी असते, तेव्हा बोलण्याचा विषय काढाच.

जेवणाचं लेखी द्या. नुसतं ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही. जिलेटीन चालत नाही, हेही लिहा. वाढदिवसांना गमी बेअरच्या पुड्या वाटतात आणि त्यातलं जिलेटीन बहुतेकदा डुकराच्या कातडीचं असतं. बाई मुद्दाम देत नाहीत, त्यांच्या लक्षातच येत नाही. मी घरून फळांच्या रसाच्या, बिनजिलेटीनच्या गोळ्यांचं पाकीट आणून ठेवायला सांगायची.

आता नोकरी. जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला किताच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण जागेसाठी किती थांबावं लागतं ते तुम्ही अनुभवलंतच. मिळालेली जागा घाईत बिघडवू नका. जमलं तर रुजू होण्याची तारीख दोन-तीन आठवडे पुढे ढकला किंवा सुरुवातीला अर्धा दिवस मागा. पहिल्या हिवाळ्यात तो सतत सर्दी-तापाने घरी असणार, हे धरूनच चाला. तुम्ही तिघं सरकारी आरोग्यविम्यात असाल तर २०२४ पासून आजारी मुलासाठी वर्षाला १५ दिवसांची भरपाई-रजा आईला मिळते आणि वेगळे १५ दिवस बाबांना. डॉक्टरांची चिठ्ठी लागते. बाबांचे १५ दिवस आधी वापरा.