बहिणीला २९व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर, भाच्याला चौथ्या वर्षी गाठ : ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणजे काय? आम्ही भावंडांनी तपासणी करावी का?

तुम्ही लिहिलंय की भाच्याच्या मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ निघाली, मग बहीण आणि भाचा दोघांच्या रक्ततपासणीत टीपी५३ जनुकातला एकच दोष सापडला, आणि आता बहिणीच्या सासरी ‘हे माहेरचं दुखणं आहे’ अशी कुजबुज चालली आहे. या कुजबुजीपासूनच सुरुवात करते, कारण आमच्या घरात तिने माझ्या आईचं अर्धं आयुष्य खाल्लं.

आम्ही मिरजेकडचे. माझा दादा १३व्या वर्षी गुडघ्याच्या हाडाच्या कॅन्सरने गेला. पाय काढला, तरी वाचला नाही. आत्या ३१व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली. आजी, म्हणजे वडिलांची आई, चाळिशीच्या आत ‘डोकं दुखून दुखून’ गेली, एवढंच घरात सांगायचे. लोकांनी याचा अर्थ लावला तो असा, की सून पांढऱ्या पायाची. आजी तर आई लग्न होऊन यायच्या आधीच गेली होती, पण तो हिशेब कुणी केला नाही. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून झाला. आई उपास धरत राहिली.

मला ३४व्या वर्षी स्तनात गाठ आली तेव्हा डॉक्टरबाईंनी कागदावर वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, कॅन्सर झालेला प्रत्येक जण काळा. आईच्या माहेरची बाजू सगळी कोरी. काळं जे होतं ते दादा, मी आणि वडिलांकडचं. पुढे तपासणीत माझ्यात आणि वडिलांमध्ये टीपी५३चा तोच दोष निघाला. वडिलांना स्वतःला आज ७१व्या वर्षीही कॅन्सर झालेला नाही. असं थोड्यांच्या बाबतीत होतं, पण होतं. आई त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, “म्हणजे माझ्यामुळे नाही?” तेव्हा ती ६३ वर्षांची होती.

आता आजाराचं. १९६९ साली अमेरिकेत फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी या दोन डॉक्टरांनी चार कुटुंबांची नोंद केली. त्यांत लहान मुलांना स्नायूंचे कॅन्सर आणि तरुण नातेवाइकांना स्तनाचे व इतर कॅन्सर होत होते. कारण सापडलं १९९०मध्ये : १७व्या गुणसूत्रावरचं टीपी५३ हे जनुक. पेशी दुभंगण्याआधी तिचा डीएनए बिघडलेला नाही ना, हे या जनुकापासून बनणारं प्रथिन तपासतं. बिघाड दिसला तर पेशीला थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर ती पेशी मरू देतं. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आमच्यासारख्यांची एक प्रत जन्मापासूनच नादुरुस्त असते. एखाद्या पेशीतली दुसरीही गेली की तिथे पहारा उरत नाही. राखणदार शरीरभर तोच, म्हणून एकाच घरात कुणाचं हाड, कुणाचा मेंदू, कुणाचं स्तन, कुणाचं रक्त असे वेगवेगळे कॅन्सर दिसतात आणि लोकांना त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. तुमच्या भाच्याला झाला तो तर लहान मुलांमध्ये इतका विरळा, की घरात दुसऱ्या कुणाला काही नसलं तरी तेवढ्यावरून टीपी५३ तपासायला सांगतात.

भाच्याला दोष बहिणीकडून आला, हे खरं आहे. ते लपवू नका. पण पुढचंही तितकंच ठामपणे सांगा : प्रत्येक अपत्याच्या वेळी शक्यता निम्मी-निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी, आणि कुठली प्रत द्यायची हे कुणाच्याच हातात नसतं. शिवाय काही जणांमध्ये हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आईवडिलांकडे तो नसतोच. तुमच्या बहिणीचंही तसं असू शकेल.

तपासणी करावी का? मी म्हणेन, करा. बहिणीच्या रिपोर्टमध्ये नेमका कोणता बदल आहे ते लिहिलेलं असतं. तुम्हा भावंडांना फक्त तेवढाच शोधायचा असतो. रिपोर्टची प्रत घेऊन जनुकीय समुपदेशकाला भेटा. टाटा मेमोरियलकडे कॅन्सर जेनेटिक्सचा वेगळा विभाग आहे. ज्याच्यात तो बदल नाही, त्याचा धोका चारचौघांइतकाच, आणि त्याच्या मुलांकडे तो त्याच्याकडून जाऊ शकत नाही. माझ्या धाकट्या बहिणीत तो निघाला नाही. ती माझ्यापेक्षा जास्त रडली. “दादाला, तुला, आणि मलाच कसं नाही?” तुमच्याकडेही कुणाचं असं होईल, त्या माणसाला एकटं सोडू नका.

‘कळून तरी काय करणार’ हे मला सगळ्यांनी ऐकवलं. करण्यासारखं पुष्कळ आहे. टोरोंटोच्या डॉक्टरांनी अशा लोकांसाठी नियमित तपासण्यांची एक पद्धत बसवली : दरवर्षी पूर्ण शरीराचा आणि मेंदूचा एमआरआय, विशीनंतर बायकांसाठी स्तनांचा एमआरआय, मुलांची दर तीन-चार महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तपासण्या करून घेणाऱ्यांपैकी ज्यांना गाठी निघाल्या त्यांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सुमारे ८९ टक्के होतं. न करणाऱ्यांमध्ये सुमारे ६०. माझ्या मुलीतही हा दोष आहे, ती ९ वर्षांची आहे. तिच्या सोनोग्राफीच्या आदल्या रात्री मला आजही झोप लागत नाही, पण तारीख मी कधी चुकवलेली नाही.

एक गोष्ट लगेच करा. बहिणीच्या आणि भाच्याच्या प्रत्येक डॉक्टरला, दातांच्या डॉक्टरलासुद्धा, हे निदान आधी सांगा. रेडिएशनमुळे आमच्यात पुढे नवा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. म्हणून माझं पूर्ण स्तन काढलं. गाठ तेवढी काढून रेडिएशन द्यायचं टाळलं. दुसरा मार्गच नसेल तर रेडिएशन देतातही, पण तो निर्णय सगळं माहीत असताना व्हायला हवा.

आणि आईवडिलांची तपासणी कराल तेव्हा रिपोर्ट यायच्या आधी त्यांच्याजवळ बसा. दोघांपैकी कुणाच्याही नावावर तो निघाला, तरी घरात त्याबद्दल कुणी शब्द काढणार नाही, हे रक्त द्यायला जाण्यापूर्वीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. बहिणीच्या नवऱ्यालाही त्या बैठकीला बोलवा.