घरच्या वाइनच्या छंदातून इंदुरात छोटा धंदा उभा राहील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदुरात राहता, तीन वर्षांपासून घरी द्राक्षाची आणि जांभळाची वाइन करता, मित्रमंडळी बाटल्या मागून नेतात. आता लाखभर रुपये घालून बाटल्याच विकाव्यात, की वाइन करणाऱ्यांना सामान पुरवावं? आणि नोकरी सोडावी का?

बाटल्यांचं आधी उरकते. नको. मध्यप्रदेशचा आबकारी अधिनियम 1915 चा आहे, आणि त्यात विकणं तर लांबच, परवान्याशिवाय बनवणं हाच गुन्हा आहे. 'घरापुरती करतो' ही सबब तिथे चालत नाही. आदिवासींना मोहाच्या दारूची घरापुरती सवलत आहे, ती तुम्हाआम्हाला नाही. तेव्हा पहिलं काम हे, की जे चाललंय ते थांबवा आणि चारचौघांत असं गावासकट लिहू नका.

सामानाचं मात्र जमतं. मी पाच वर्षं तेच करतेय.

माझा छंद लेस्टरचा. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं तिथे होतो. ब्रिटनमध्ये विकायची नसेल तर घरी वाइन करायला परवाना लागत नाही. कॅनॉलच्या कडेला ब्लॅकबेरी फुकट, शेजारच्या म्हातारीने एक डेमिजॉन दिला, म्हणजे साडेचार लिटरची जाड काचेची अरुंद गळ्याची बरणी. पहिली खेप झाली व्हिनेगर, दुसरी बरी. परत आले तेव्हा सामानात चार डेमिजॉन, दोन हायड्रोमीटर (रस किती दाट, म्हणजे त्यात साखर किती, हे तरंगून दाखवणारी काचेची नळी) आणि एअरलॉकची (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी बुचं) पिशवी होती. सासूबाईंना वाटलं लोणच्याच्या बरण्या आणल्या. रामबागेतल्या आमच्या घरात त्यातल्या दोनांत अजून लिंबाचं लोणचं मुरतं.

इथे येऊन वाइन करणं बंद केलं, पण लोक विचारत राहिले की हे एअरलॉक कुठे मिळतं. तिथून धंदा सुरू झाला.

आता जरा नीट वाचा, कारण बहुतेक जण इथेच पाय घसरून पडतात. आबकारी कायद्यात फक्त दारू नाही येत. दारू बनवण्याच्या हेतूने भांडी, उपकरणं, कच्चा माल बाळगणं हेही त्यात येतं. सगळा खेळ हेतूचा. काचेची नळी ही काचेची नळीच, पण डब्यावर 'घरच्या घरी वाइन करा' छापलं आणि आत कृतीचा कागद घातला की हेतू तुम्हीच लिहून दिलात. अमेरिकेत 1920 नंतरच्या दारूबंदीत द्राक्षाच्या रसाच्या सुकवलेल्या विटा विकायला आल्या. त्यांवर इशारा असे: ही वीट पाण्यात विरघळवून बरणीत भरून कपाटात ठेवू नका, नाहीतर तिची वाइन होईल. वाचायला गंमत वाटते, पण असला डोळा मारणारा धंदा इथे करू नका. मी 'वाइन किट' हा शब्दच वापरत नाही.

मग गिऱ्हाईक कोण? एक, परवाना असलेल्या लहान वायनऱ्या. आपल्या रतलामकडे द्राक्षं होतात, आणि नाशिक आहेच. दोन, कोंबुचावाले, म्हणजे आंबवलेल्या चहाचं पेय करणारे. हल्ली हे पुष्कळ वाढलेत, आणि त्यांना धास्ती असते ती अर्धा टक्क्याची, कारण अल्कोहोल 0.5 टक्क्याच्या वर गेलं की एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या) लेखी ते मद्य. तीन, कॉलेजच्या मायक्रोबायॉलॉजीच्या प्रयोगशाळा, ज्या पैसे उशिरा देतात पण देतात. चार, फळांचं व्हिनेगर करणारे. व्हिनेगरही आधी दारू होतं आणि मग आंबतं, म्हणून त्यांच्याकडून मी परवान्याचा नंबर घेते आणि जिल्हा आबकारी कार्यालयातून लेखी विचारून घ्या असं सांगते. आणि पाच, शिलाँगची मंडळी. दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, प्रत्येकाचा कायदा वेगळा. मेघालयाने 2020 मध्ये घरगुती फळांच्या वाइनला परवान्याची वाट मोकळी केली.

शिलाँगवरून आठवलं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तिथल्या एका बाईंना यीस्टची 40 पाकिटं पाठवली, पाच-पाच ग्रॅमची. पार्सल वाटेत कुठल्याशा गोदामात अडकलं आणि अकराव्या दिवशी पोचलं. चार दिवसांनी फोन: प्लमच्या रसात घालून तीन दिवस झाले, एअरलॉकमध्ये एक बुडबुडा नाही. मी म्हटलं, अर्धी वाटी कोमट पाणी घ्या, चिमूटभर साखर, आणि त्यात एक पाकीट टाका. वीस मिनिटांनी त्यांनी फोटो पाठवला. जिवंत यीस्ट असतं तर वर साबणासारखा फेस आला असता. इथे वाटीच्या तळाशी नुसती रेती बसावी तसं बसलं होतं. मेलेलं विरजण. पैसे परत केले, आणि रस वाया गेला त्याचंही मनाला लागलं. आता एप्रिल ते मृग बरसेपर्यंत मी यीस्ट गावाबाहेर पाठवत नाही. लागणाऱ्यांना फेब्रुवारीतच फोन करून सांगते, आत्ता घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा.

यीस्टचं आणखी एक. अर्धा किलोचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून ते फोडून छोट्या पुड्या करायचा मोह होतो. करू नका. हवा आणि ओल लागली की ते थोड्याच दिवसांत मरगळतं. बंद पाकिटं घ्या, तशीच विका, नफा कमी झाला तरी चालेल.

पुड्या करायच्या त्या पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या. माझा खरा धंदा हाच आहे. रस आणि भांडी सांभाळायला, नको ते जंतू मारायला हे लागतं. त्यातलं साधारण 57 टक्के सल्फर डायऑक्साइड म्हणून निघतं, म्हणजे दहा लिटरला 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50) द्यायचं तर एक ग्रॅमही पुरा लागत नाही, 0.9 च्या आसपास. लोक काय करतात? चहाचा चमचा. त्यात पाच-सहा ग्रॅम मावतं. मग रसाला काडेपेटीचा वास येतो, यीस्ट चालत नाही, आणि दोष सामान विकणाऱ्याचा. मी पीथमपूरला औषधाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, वजन करणं हाताला बसलंय. रविवारी दुपारी पंखा बंद करून (पंख्याने काटा हलतो) जेवायच्या टेबलावर बसते आणि 0.9 ग्रॅमच्या पुड्या भरते. वर लिहिते 'दहा लिटरसाठी एक'. पावडरीला इतका झणका असतो की सासूबाई तेवढा वेळ गॅलरीत जाऊन बसतात. किलोचं पोतडं घेतलं तर पुडीमागे माल पैशांत पडतो. लोक किंमत मोजतात ती मोजून दिल्याची.

हायड्रोमीटरही चांगला जातो, कारण तो फुटतो. पण पाठवताना त्यात एक चिठ्ठी घाला. तो बहुधा 20 अंशाला जुळवलेला असतो, आणि मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात रस 35 अंशाला असतो. तिथे आकडा सुमारे 0.004 ने कमी दिसतो, खरा 1.090 असेल तर 1.086. ही चिठ्ठी घालायला लागल्यापासून 'खराब निघाला' म्हणणारे फोन जवळपास थांबले.

काचेच्या मोठ्या बरण्यांच्या नादी लागू नका. छंद असलेल्या माणसाला त्याच घ्याव्याशा वाटतात, मीही पहिल्या 40,000 तले 18,000 त्यात घातले. सहातली एक फुटते, कुरियर हात वर करतो, आणि ज्याच्याकडे धड पोचते तो दहा वर्षं परत येत नाही. पुन्हा पुन्हा संपतं ते विका. रबरी बुचं, सायफनची नळी, सायट्रिक आम्ल (सियागंजात ठोक घ्या, पण फूड ग्रेड आहे का ते पोत्यावर वाचून), पीएच पट्ट्या, गाळायचं कापड. सियागंजातला दुकानदार पहिल्यांदा म्हणाला, "मॅडम, इतनी सी चीज में क्या कमाओगे?" आता तोच विचारतो, भिया लोग ये लेते कहाँ हैं.

कागदपत्रं भराभर सांगते. खाण्यात जाणारी वस्तू पुन्हा भरून विकता म्हणून एफएसएसएआयमध्ये रीपॅकर म्हणून नोंद लागेल. दहा ग्रॅमहून मोठ्या पाकिटावर वजन, एमआरपी, महिना-साल, नाव-पत्ता, तक्रारीचा फोन हे सगळं 2011 च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांप्रमाणे. विक्रीसाठी वापरता तो काटा नापतौल विभागाकडून तपासून शिक्का मारून घ्या. जीएसटीची 40 लाखांची सूट ऐकून खूश होऊ नका, माल दुसऱ्या राज्यात गेला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, आणि या धंद्यात निम्म्याहून जास्त माल बाहेरच जातो. परदेशातून स्वतः मागवण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नका, मुंबईच्या आयातदाराकडून घ्या. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंद) फुकट आहे, करून टाका.

लाखभर लागणार नाहीत. तीस-चाळीस हजारांत सुरू करा आणि उरलेले यीस्ट मरण्यासाठी बाजूला ठेवा.

नोकरीचं विचारलंत. पहिल्या वर्षी माझा 62,000 चा माल गेला आणि हातात 11,000 उरले. आता बरं आहे, पण पीथमपूरची बस मी अजून रोज सकाळी सव्वासातला पकडते. पार्सलं सासूबाई बांधतात. लोणच्याच्या बरण्या पाठवताना गुंडाळायच्या तशा हायड्रोमीटरला जुन्या सुती साडीच्या चिंध्या गुंडाळतात, आणि त्यांनी बांधलेला एकही आजवर फुटलेला नाही.