वाचकांचे प्रश्न : बॅग बंद होते, पण हसू येत नाही

प्रश्न : सुट्ट्यांच्या दिवसांत रेडिओवर लावण्यासाठी प्रहसन लिहिलं. शब्द ४५०. घड्याळ लावून वाचलं तेव्हा तीन मिनिटांत बसलं, रेकॉर्डिंग मात्र सव्वाचार मिनिटांचं झालं. असं कसं?

उत्तर : तुम्ही शब्द मोजलेत, आवाज मोजले नाहीत. दार, पावलं, दचकून थांबणं यांनाही वेळ लागतो. शिवाय मिनिटाला १५० शब्दांचा वेग बातम्यांना चालेल, विनोदाला नाही. दोन मिनिटांसाठी २२० ते २४० शब्द धरा आणि तीन मिनिटांचा हट्ट सोडा; एकाच गमतीवर उभं असलेलं प्रहसन त्याआधीच दमतं. कात्री आधी सुरुवातीला लावा. ‘अरे ये ये, कसा आहेस’ छापाची वाक्यं गेल्याचं कुणाला कळणारही नाही.

प्रश्न : प्रवासाला निघालेलं कुटुंब, बंद न होणारी बॅग, तिच्यावर बसणारे बाबा. स्टेजवर हशा पिकला होता. तेच रेडिओसाठी केलं, तर कुणी हसलंच नाही.

उत्तर : स्टेजवर लोक बाबांना पाहून हसले. रेडिओसाठी तुम्ही बहुधा आईच्या तोंडी घातलं असेल, ‘अहो, बॅगेवर काय बसताय!’ ही झाली बातमी. आधी आवाज ऐकू द्या, चित्र ऐकणाऱ्याला जुळवू द्या, बोलणं त्यानंतर.

चेन पाऊण अंतर जाते आणि अडते. बाबा कण्हतात. पुन्हा चेन, जेमतेम दोन बोटं पुढे. मग धप्पकन बसल्याचा आवाज, आणि आईचं एकच वाक्य : ‘आता उठू नका.’ मात्र ‘बॅग’ हा शब्द अगदी सुरुवातीला एकदा यायलाच हवा, कारण नुसती चेन जॅकेटचीही असू शकते. शेवटी बॅग बंद होते. सुटकेचा नि:श्वास. शांतता. आणि बॅगेच्या आतून गजर वाजू लागतो. इथेच थांबा. ‘अगं बाई, घड्याळ आतच राहिलं!’ हे वाक्य मोह पडला तरी लिहू नका.

ती शांतता एक ते दीड सेकंदाची ठेवा. फार लांबली तर रेडिओच बंद पडला असं वाटतं.

पात्रं तीनपेक्षा जास्त नकोत. दोघांचे आवाज सारखे असतील तर एकाची पट्टी बदलण्याऐवजी बोलण्याचा वेग बदला. ओढूनताणून काढलेला आवाज भांडणाचा प्रसंग येताच सुटतो.

प्रश्न : खरी चेन रेकॉर्ड केली, तर नुसती खरखर येते. आणि घड्याळ बॅगेत आहे असं वाटत नाही. एडिटमध्ये घुमारा (आवाज घुमवणारा इफेक्ट) लावूनही नाही.

उत्तर : जाड दातांची चेन घ्या आणि हळू ओढा. झर्रकन ओढली की सगळे दात एकात एक मिसळतात आणि फक्त फुसकारा उरतो. घुमारा काढून टाका. कपडे आवाज शोषतात, घुमवत नाहीत. घुमाऱ्याने घड्याळ विहिरीत पडल्यासारखं वाटतं. सगळ्यांत सोपं म्हणजे घड्याळ खरंच कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवा आणि माइक बाहेर. ते जमत नसेल तर एडिट करताना साधारण १००० हर्ट्‌झच्या वरचा, म्हणजे तीक्ष्ण आवाजांचा, भाग कापा. जाता जाता : सायरन आणि करकचून लागणारे ब्रेक प्रहसनात नकोतच. गाडी चालवता चालवता ऐकणारा दचकतो.

प्रश्न : ओरडायच्या वाक्यांना आवाज फाटतो.

उत्तर : रेकॉर्डिंगची पातळी साध्या बोलण्यावर लावली असणार. सगळ्यांत मोठ्याने ओरडायचं वाक्य आधी म्हणून घ्या आणि त्याचं शिखर रेकॉर्डरच्या मीटरवर (जिथे शून्याला आवाज फाटतो) उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान येईल अशी पातळी ठेवा. रेकॉर्डरच्या २४ बिट या सेटिंगवर रेकॉर्ड करा. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही. माइक वीतभर लांब, आणि ओरडताना एक पाऊल मागे. संहितेची पानं टाचू नका, एकाच बाजूला छापा आणि वाक्य पान उलटण्यावर तुटू देऊ नका, नाहीतर कागदाची सळसळ ऐन विनोदावर येते. उठण्यापूर्वी सगळ्यांना गप्प बसवून खोलीची नुसती शांतता ३० सेकंद रेकॉर्ड करा. कापाकापी केलेल्या जागा तिनेच भरायच्या असतात. तयार झालेलं मिश्रण मोनोमध्येही, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐका : डाव्या-उजव्या बाजूला पसरवलेला इफेक्ट एकाच स्पीकरवर कधीकधी पार नाहीसा होतो.

प्रश्न : आम्ही महिनाभर आधी रेकॉर्ड करतो. नेमकं कोणत्या दिवशी लागेल ते ठाऊक नसतं.

उत्तर : ‘उद्यापासून सुट्टी’ हे वाक्य तीन तऱ्हांनी म्हणून घ्या : उद्यापासून, आजपासून, आणि दिवसाचा उल्लेखच नसलेलं. त्याच बैठकीत, त्याच अंतरावरून. आठ दिवसांनी बोलावून घेतलेलं वाक्य ठिगळासारखं वेगळं ऐकू येतं. फाइलच्या नावात कोणती तऱ्हा ते लिहा, नाहीतर सुट्टी संपल्यावर ‘उद्यापासून’ लागेल.