पहिले बूट करताय? सिलिकॉन तूर्त राहू द्या

एखाद्या पात्राच्या वेशभूषेतल्या तुमच्या पहिल्याच पोशाखासाठी गुडघ्यापर्यंतचे बूट घरी करायचं ठरवलंत, छान! जमतील. फक्त सिलिकॉनचे साचे आणि रेझिनच्या (साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवाच्या) मागे आत्ता लागू नका. महाग पडतं, आणि फोममध्येच शिकण्यासारखं भरपूर आहे.

बूट नव्याने घडवायचा नाही, जुन्या, पायाला नीट बसणाऱ्या बुटावर कवच चढवायचं. बूट घाला, गुडघ्यापर्यंत क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक) गुंडाळा, वरून चिकटपट्टीचे दोन थर द्या. पेनाने जोडाच्या रेषा आखा आणि बोथट टोकाच्या कात्रीने त्यांवरून कापा. सपाट झालेले तुकडे हाच तुमचा नमुना. तो ५ मिमी जाडीच्या ईव्हीए फोमवर (रबरासारख्या लवचीक फोमवर) उतरवा. घोट्यापाशी मात्र वरचा आणि खालचा भाग वेगळा ठेवा. बहुतेक नवखे इथेच अडकतात: सलग केलेला बूट चालताना तिथेच फाटतो. तळव्याखाली फोम नको, घसराल.

आणखी दोन नेहमीच्या चुका:

- फोमच्या तुकड्यांना रबर सोल्यूशन (चिकटवायचं द्रावण) लावून लगेच जोडणं. दोन्ही कडांना लावा, बोटाला ओलं लागेनासं झालं की मगच दाबा. खिडक्या उघड्या हव्यात.
- साच्यासाठी हात प्लास्टरच्या बादलीत बुडवणं. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापतं आणि गंभीर भाजू शकतं. हे कधीच करू नका.

गदा, मुकुटासाठी कागदाचा लगदा पुरतो.

आधी डावा बूट पूर्ण करा, घालून जिना चढा-उतरा. मग तोच नमुना उलटा ठेवून उजवा कापा.