'झुडपी जंगल' म्हणणे चुकीचे आहे का?

"झुडपे असतील तर ते जंगल कसले? 'झुडपी जंगल' हा शब्दच विसंगत नाही का?" असा प्रश्न आला आहे. मुळीच विसंगत नाही. "नुसती झुडपं आहेत हो, ते काय जंगल?" हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या महसुली नोंदींत झुडपांच्या जमिनीसाठी हा शब्द जुन्या मध्यप्रांतापासून चालत आला आहे, आणि तो अगदी नेमका आहे.

जंगल म्हणजे गर्द झाडी, हा अर्थ नंतरचा. संस्कृतातला 'जाङ्गल' म्हणजे कोरडा, उघडा मुलूख. चरकसंहितेत त्याचे वर्णन 'पर्याकाशभूयिष्ठ' असे आहे. चहूकडे आकाशच आकाश! काय शब्द आहे! तिथे खैर, शमी, बोर. जमिनीवर लावे नि तित्तिर. आणि माणसे स्थिर, कणखर. पाणथळ प्रदेशाला वेगळा शब्द आहे, 'आनूप'. अमरकोशाची 'अटव्यरण्यं विपिनं गहनं काननं वनम्' ही ओळ पाहा: रानाची सहा नावे, त्यांत जंगल नाही. बिकानेरचे राजे तर वाळवंटावर राज्य करून 'जंगलधर बादशाह' म्हणवून घेत. तेव्हा 'झुडपी जंगल' ही विसंगती तर नव्हेच, जवळजवळ द्विरुक्ती आहे.

जंगल फारसीतून आले म्हणणाऱ्यांनी उलटा प्रवास तपासावा; फारसीनेच ते आपल्याकडून घेतले. आणि 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने मूळ अर्थ 'पडीक, लागवडीविना जमीन' असा दिला, तोही मला मान्य नाही. पडीक ही सारा वसूल करणाऱ्याची नजर. गुराख्याला आणि वैद्याला ती जमीन कधीच पडीक दिसली नाही.

या शब्दार्थावर कायदा उभा आहे, म्हणून एवढी चिडचिड. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की 1980 च्या वन कायद्यातला 'वन' शब्द कोशातल्या अर्थाने घ्यायचा, मालकी कोणाचीही असो. 2023 च्या दुरुस्तीत संसदेने तो अर्थ आवळला: कायद्याने वन म्हणून अधिसूचित झालेली, किंवा 25 ऑक्टोबर 1980 पासून सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीन तेवढी कायद्याच्या कक्षेत. कोश गेला, दप्तर आले. सीमेपासून 100 किलोमीटरच्या आतले सामरिक महत्त्वाचे रस्ते आणि लोहमार्गही वनजमीन वापरण्यासाठी लागणाऱ्या केंद्राच्या परवानगीतून सुटले. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तूर्त कोशातलाच अर्थ चालू ठेवला, आणि 22 मे 2025 रोजी विदर्भातली झुडपी जंगले 1996 च्या निकालाप्रमाणे वनच आहेत, असा निर्णय दिला.

ज्या माळरानाची दप्तरात नोंदच नाही, त्याला मात्र त्या अंतरिम आदेशाचाच काय तो आधार.